प्रार्थनेचा नेम आणि शाळेची घाई

शाळेच्या घाईत सकाळची प्रार्थना राहून जाते, तेव्हा ती मुलांकडून आग्रहाने करून घ्यावी का, हा आपला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माझ्या मते रोजचा नेम सुटू देऊ नये, पण त्याची वेळ बदलायला काहीच हरकत नाही. बुटाची नाडी ओढत, घड्याळाकडे पाहत उरकलेल्या प्रार्थनेतून मुलाला श्रद्धेपेक्षा आपली चिडचिडच अधिक कळते. रात्री दप्तर भरून झाल्यावर तेच शब्द सावकाश म्हटले, की मूल मध्येच थांबून ‘देवाला झोप येते का?’ असे विचारते आणि त्याला उत्तर द्यायला आपल्यालाही सवड असते. त्यापायी झोप मात्र लांबवू नये. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तासांची झोप आवश्यक मानली जाते. आणखी एक कळकळीची विनंती आहे. प्रार्थना चुकली तर देव रागावेल, अशी भीती कृपया घालू नये, कारण लहान मूल ते शब्दशः खरे मानते आणि पुढे चाचणीत गुण कमी पडले, तरी त्याचा संबंध त्या चुकीशीच जोडते.