समटाइम्स वाक्याच्या सुरुवातीला आला तर चूक धरतात का?

सहकारनगरची_आई: मुलगी आठवीत, सेमी इंग्लिशला. चाचणीत तिने "समटाइम्स वी गो टू सिंहगड" लिहिलं तर बाईंनी सरळ काट मारली, म्हणे असले शब्द क्रियापदाच्या आधीच येतात. मग मी ग्रामरचं पुस्तक उघडून बसले तर त्यात "शी इज ऑलवेज लेट", इथे तर इजच्या नंतर आलाय! मग नक्की आधी की नंतर? मला शाळेत भांडायला जायचं नाहीये, पण पोरीला काय सांगू ते तरी कळू दे.

निवृत्त_मास्तर: मुलीचं वाक्य बरोबर आहे हो. समटाइम्स, यूजवली सुरुवातीला बिनधास्त चालतात, समटाइम्स तर शेवटीसुद्धा. ऑलवेज आणि नेव्हरला साध्या वाक्यात ती मुभा नाही, "ऑलवेज वी गो" म्हणत नाहीत. हुकूम सोडायचा असेल तर गोष्ट वेगळी, "ऑलवेज वेअर अ हेल्मेट" (पुण्यात हे वाक्य ग्रामरपुरतंच). बाई सांगतात ती नेहमीची जागा, मुख्य क्रियापदाच्या आधी. फक्त ॲम, इज, आर, वॉज, वेअर एकटे असले की त्यांच्या नंतर, आणि हॅव, विल, कॅन असं सहाय्यक असलं की त्याच्या नि मुख्य क्रियापदाच्या मधे: "आय हॅव नेव्हर सीन शनिवारवाडा."

कट्ट्यावरचा: शनिवारवाडा नेव्हर सीन? मास्तर, पुण्यातलेच ना तुम्ही 😀

बाकी मास्तरांशी सहमत, पण जागेपेक्षा मोठा घोळ वेगळाच आहे. आपल्याकडे सर्रास "आय ॲम ऑलवेज गोइंग बाय बस" म्हणतात. रोजची सवय सांगायची तर साधं "आय ऑलवेज गो". ऑलवेजला आयएनजी जोडलं की बऱ्याचदा त्यात वैताग येतो, म्हणजे "ही इज ऑलवेज पार्किंग इन फ्रंट ऑफ अवर गेट", हे वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर टाका, एकदम फिट्ट बसतंय बघा. आणि आपण "तो कधीच येत नाही" म्हणतो म्हणून पोरं "ही नेव्हर डझन्ट कम" लिहून मोकळी होतात. नेव्हरमधेच नकार आलाय, परत नॉट कशाला, "ही नेव्हर कम्स" बास.

सहकारनगरची_आई: हे डझन्टवालं आमच्याकडे पण चालतं 🙈 आणि एव्हरी संडे? "वी एव्हरी संडे गो" असं तिच्या वहीत दिसलं मला.

निवृत्त_मास्तर: ते मधे नको. एव्हरी संडे, ट्वाइस अ वीक असलं लांबलचक शेवटी टाकायचं, "वी गो टू सिंहगड एव्हरी संडे". जोर द्यायचा असेल तर सुरुवातीला. आणि समटाइम्सचा अर्धा मार्क मागायला जायचंच असेल तर चाचणीच्या गठ्ठ्याच्या दिवशी नका जाऊ, बाई कावलेल्या असतात.