शिक्षक की पोलीस शिपाई: पहिली तीन वर्षं विसरू नका

शिक्षक व्हावं की पोलीस शिपाई, या प्रश्नावर अनेक जण म्हणतात की प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी महिना 29,200 पासून आणि पोलीस शिपायाची 21,700 पासून, म्हणून शिक्षक फायद्यात. आकडे बरोबर आहेत, पण शिक्षकाला ती श्रेणी पहिल्या दिवशी मिळत नाही. आधी तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून ठरीव मानधन, त्यावर महागाई भत्ता नाही की घरभाडं नाही. 2023 मध्ये ते 16,000 झालं, त्याआधी 6,000 होतं.

माझी बहीण 2019 ला जिल्हा परिषद शाळेत लागली, डी.एड. (शिक्षक पदविका) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) करून. गावातल्या खोलीचं भाडं 1,500, तालुक्याहून वडाप (शेअर जीप), आणि महिनाअखेरीस तांदूळ-डाळ घरूनच. तिच्या तीन वर्षांची बेरीज 2,16,000. त्याच सुमारास बारावीवर शिपाई झालेल्या चुलतभावाचं नुसतं मूळ वेतन धरलं तरी 36 महिन्यांचे 7,81,200 होतात. अर्थात त्याचं बारा-बारा तास बंदोबस्ताला उभं राहणं कुठल्याच पगारपत्रकात दिसत नाही, गणपतीत तर तो घरी नसतोच. पण शिकलेल्या पोरीने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी आईकडे पैसे मागायचे, हे मला आजही सहन होत नाही.