मदत हवी आहे: माउसनुसार कलणारं कार्ड कडेला थरथरतं

वेबपेजवरच्या फोटो गॅलरीत कार्डांची ग्रिड आहे. माउस फिरेल तसं त्याखालचं कार्ड कलावं, एवढंच हवंय. माउसमूव्हवर (माउस हलल्याचा इव्हेंट) कर्सरची जागा काढून रोटेटएक्स-रोटेटवाय (आडव्या-उभ्या अक्षाभोवती फिरवणारं सीएसएस) लावतोय, कमाल 12 अंश. मधोमध झकास चालतं. कडेला नेलं की कार्ड कलतं, कड कर्सरखालून निसटते, माउसलीव्ह (माउस बाहेर गेल्याचा इव्हेंट) येतो, कार्ड सरळ होतं, की पुन्हा तेच. बघवत नाही अक्षरशः.

ट्रान्झिशन (बदल व्हायला लागणारा वेळ) वाढवलं तर थरथर मंदावते, जात नाही. रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेमनेही (बदल स्क्रीनच्या पुढच्या फ्रेमला करणं) फरक नाही. मग प्रत्येक कार्डाबाहेर न कलणारा डिव्ह (साधा चौकोनी डबा) घालून इव्हेंट त्यावर घेतले. थरथर गेली! पण पर्स्पेक्टिव्ह (लांब-जवळचा आभास देणारी सेटिंग) ग्रिडवर आहे, तो आत पोचेना. कार्ड कलण्याऐवजी नुसतं आक्रसल्यासारखं दिसतं. बाहेरच्या डिव्हला प्रिझर्व्ह-थ्रीडी (आतल्या घटकांनाही त्याच त्रिमितीत ठेवणारी सेटिंग) दिलं, तरी तेच. गोल कोपऱ्यांसाठी त्याच डिव्हवर ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाणारा भाग कापणारी सेटिंग) आहे, बहुधा तेच नडतंय.

साधं जावास्क्रिप्टच, लायब्ररी नको. टचस्क्रीनवर इफेक्ट बंदच ठेवलाय. पर्स्पेक्टिव्ह प्रत्येक डिव्हला वेगळा देता येईल, पण मला सगळ्या कार्डांचा व्हॅनिशिंग पॉइंट (दूर जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू) एकच हवाय. ओव्हरफ्लो आतल्या कार्डावर हलवला तर जमेल, की दुसरं काही आडवं येईल?