मारुती ८०० चं हेड घरीच पोर्ट करायचंय, कोणता ग्राइंडर घेऊ?

मिरज८००
नमस्कार मंडळी. कार्बोरेटरवाली जुनी ८०० फक्त ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या मैदानावरची शर्यत) तयार करतोय, रस्त्यावर काढणार नाही. इंजिनचं हेड उतरवलंय, व्हॉल्व्हही काढलेत. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे पोर्ट (हेडमधून हवा आत यायच्या आणि धूर बाहेर जायच्या वाटा) सहाच. ओतकामाचा खडबडीतपणा आणि व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटच्या खालची कड बोटाला स्पष्ट लागते, तेवढंच साफ करायचंय. घरात ड्रिल मशीन आणि २४ लिटर टाकीचा छोटा कॉम्प्रेसर आहे. ड्रेमेल (हातात धरायचं छोटं रोटरी मशीन) घ्यावं, हवेवरचा ग्राइंडर घ्यावा, की विजेवरचा? बजेट बेताचं आहे, पण एकदाच घ्यायचंय.

पाना१४
ड्रिल मशीन विसरा. तेवढ्या कमी वेगाला कार्बाइड बर (दांड्यावरचं दातेरी कापायचं टोक) कापत नाही, उड्या मारतो. एक उडी सीटवर पडली तर सीटचं काम वाढलं. ड्रेमेल फिनिशिंगला छान, पण माल काढायला लावलंत तर मोटर तापून तापून जीव सोडेल.

लेथवाला
कॉम्प्रेसर आहे म्हणून हवेच्या मशीनकडे वळू नका. हवेवरचा डाय ग्राइंडर सलग हवा खातो. २४ लिटरची टाकी बघता बघता बसते, आणि काम कमी, टाकी भरायची वाट जास्त अशी गत होते. कारखान्यात मोठा कॉम्प्रेसर असेल तर हवेच्या ग्राइंडरसारखं हत्यार नाही. हलका असतो, हातात तापत नाही, बोटाच्या दाबावर वेग बदलतो. घरी मात्र विजेवरचाच घ्या.

घेताना वेग बदलता येतो का, हे आधी बघा. बॉशचा जीजीएस २८ सीई १०,००० ते २८,००० आरपीएममध्ये चालतो, मकिताचा जीडी०८००सी ७,००० ते २८,००० मध्ये. दोन्ही भार आल्यावरही वेग धरून ठेवतात. पोर्टच्या खोलवर पोचायला १५० मिलीमीटर लांबीचा बर लागतो. तो मोकळ्या हवेत पूर्ण वेगाने फिरवला तर दांडा क्षणात वाकतो आणि मग हातात काय येईल सांगता येत नाही. लांब बर आधी पोर्टमध्ये घालायचा, मगच स्विच दाबायचा. बाहेर काढण्याआधी मशीन पूर्ण थांबू द्यायचं. वेग १०-१२ हजारांच्या आसपासच ठेवायचा.

कोलेट, म्हणजे बरचा दांडा धरणारी पकड, दुकानातच तपासा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिली. ६ मिलीचा दांडा पाव इंची कोलेटमध्ये सहज जातो, पण पकड बसत नाही.

मशीनवर थोडे कमी खर्च झाले तरी चालतील, बरवर कंजुषी नको. दुकानात 'अॅल्युमिनियम कट' असंच मागा. त्याचे दात एकाच दिशेचे, रुंद आणि खोल असतात. दुकानदार बहुधा डबल कट पुढे करतो. त्याची बारीक जाळी लोखंडाला उत्तम, पण अॅल्युमिनियममध्ये ती भरून जाते आणि बर नुसता घासत बसतो. पोर्ट लहान आहेत, तेव्हा १० मिली व्यासाचा अंडाकृती आणि टोक गोल असलेला सरळ, असे दोन पुरेत. थांबलेल्या बरला अधूनमधून मेणबत्ती चोळा. रॉकेलनेही दात मोकळे राहतात, पण विजेच्या मशीनच्या मोटरमधल्या कार्बन ब्रशपाशी ठिणग्या उडतात, म्हणून घरी मेणच बरं. बर नीट कापत असेल तर कीस सुईसारखा, सुटा सुटा पडतो. राखाडी पीठ पडायला लागलं की थांबा, दात भरलेत.

मॅनिफोल्डच्या (हेडला जोडणाऱ्या नळ्यांच्या) बाजूने काम करताना जुना व्हॉल्व्ह सीटवर बसवून ठेवा. चेंबरकडून, म्हणजे व्हॉल्व्ह बसतो त्या बाजूने, आत शिरताना बरच्या दांड्यावर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी) चढवा, म्हणजे दांडा सीटला टेकला तरी ओरखडा उठत नाही.

गुजरी
लेथवाल्यांशी सहमत, एक भर घालतो. व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या गाइडच्या भोवती आणि पोर्ट जिथे आत वळतो त्या आतल्या वळणावर डाय ग्राइंडर फार आडदांड पडतो. तिथे सोनारांची टांगती मोटर वापरून बघा. मोटर वर लटकते, हातात पेनाएवढा हँडपीस आणि वेग पायाखाली. नाजूक जागी पाय उचलला की काम थांबतं, हे सुख ड्रेमेलमध्ये नाही. हँडपीस मात्र ३ मिलीचा दांडा धरणारा घ्या, सोनारी कामाचा २.३५ मिलीचा नको. कोल्हापूरला जाणं होत असेल तर आमच्या गुजरीतल्या कारागिरांना विचारा, दुरुस्ती कोण चांगली करतं हेही तेच सांगतील.

मिरज८००
सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका: एकाच वेगाचा स्वस्त ग्राइंडर घेऊन पंख्याचा रेग्युलेटर लावला तर?

लेथवाला
नको. तो पंख्याच्या वॅटेजसाठी असतो, ग्राइंडरचा भार त्याला झेपणार नाही. मोठ्या क्षमतेचा डिमर ब्रशच्या मोटरला चालतो, पण वेगाबरोबर जोरही जातो आणि बर अडकायला लागतो. ज्या मशीनमध्ये आधीच इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आहे, त्याला तर बाहेरून काहीच लावू नका.

पाना१४
फिनिशिंगबद्दल: इनटेक (हवा-पेट्रोल आत येणारा पोर्ट) आरशासारखा चकचकीत करू नका. कार्बोरेटरच्या इंजिनात पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटतात, थोडा खरखरीतपणा असला तर ते पुन्हा हवेत मिसळायला मदत होते. एमरीच्या ६० ते ८० नंबरवर थांबा. एक्झॉस्ट (धूर बाहेर जाणारा पोर्ट) हवा तेवढा गुळगुळीत करा, तिथे काजळी कमी धरते. सळईला हॅक्सॉने चीर पाडून त्यात एमरी कापडाची पट्टी गुंडाळली की झालं.

डोळ्यांना बंद गॉगल, नाकाला मास्क, हातात सैल मोजे नकोत. आणि ग्राइंडरची जाळी दर थोड्या वेळाने ब्रशने झाडा. अॅल्युमिनियमच्या किसातून वीज वाहते, तो मोटरमध्ये गेला तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच काम करा.

मिरज८००
ठरलं तर मग: वेग बदलणारा ६ मिली कोलेटचा ग्राइंडर, अॅल्युमिनियम कटचे दोन बर. टांगती मोटर पुढच्या महिन्यात. सुरुवात कुठल्या पोर्टपासून करू?

लेथवाला
तुमच्या हेडच्या कुठल्याच नाही. भंगारवाल्याकडून चीर गेलेलं ८०० चंच हेड आणा. एक इनटेक, एक एक्झॉस्ट त्यावर करा. मग तेच दोन पोर्ट हॅक्सॉने उभे कापा. पाण्याच्या जॅकेटपर्यंत (हेड थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीपर्यंत) धातू कुठे किती जाड आहे ते कॅलिपरने मोजा आणि पातळ जागांवर मार्करने खुणा करा. तो कापलेला तुकडा बाकावर समोर ठेवूनच स्वतःच्या हेडला बर लावा.