थेट प्रक्षेपणात लांब स्वर विरतात : मदत हवी आहे

मी नागपुरात हिंदुस्थानी व्हायोलिन वाजवते. मैफली आणि ध्वनिमुद्रणातून वेळ काढून दर रविवारी श्रोत्यांसाठी अँड्रॉइड फोनवरून थेट प्रक्षेपण करते. मात्र द्रुत गत (जलद लयीतील रचना) स्वच्छ ऐकू येत असली, तरी तानपुऱ्याचा अखंड नाद आणि आलापातील लांब स्वर मध्येच विरतात, आणि आलाप हाच तर माझ्या वादनाचा गाभा आहे. अ‍ॅप सलग नादाला गोंगाट समजून दाबत असावे, कारण त्याच फोनच्या साध्या रेकॉर्डिंगमध्ये हा दोष नाही. कूलर बंद ठेवून, फोन ३ फुटांवर नेऊन आणि कॉलर माइक लावूनही फरक पडला नाही. संगणक नाही, खर्चाची मर्यादा ५,००० रुपये आहे. यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक फोनला जोडणारे बाह्य उपकरण) जोडल्यास ही दाबणी टळते का, की वेगळेच अ‍ॅप वापरावे लागेल?