शर्यतींचं वर्ष तुम्ही कसं आखता? (अनुभव धागा)

उपवनकाठ

सोसायटीच्या ग्रुपवर आज कुणीतरी मुंबई मॅरेथॉनच्या नोंदणीचं लिहिलं आणि आमच्या धावगटातल्या बाई डोळ्यांसमोर आल्या. निवृत्त शिक्षिका. आता मुलीकडे परगावी असतात. त्यांच्या ओट्याजवळ भिंतीवरचं कॅलेंडर होतं. शर्यतीचा दिवस, म्हणजे जानेवारीचा तिसरा रविवार, पुढच्या वर्षात जातो आणि पावसाळ्यात नवं कॅलेंडर कुठून मिळणार, म्हणून त्या डिसेंबरच्या पानामागे पेनाने जानेवारी आखून घ्यायच्या आणि तिथून उलट्या मोजत यायच्या. शेवटचे दोन-तीन आठवडे धावणं कमी. त्याच्या आधी सगळ्यात लांब धाव, ३०-३२ किमी. त्याच्याही आधी, डिसेंबरात, एखादी हाफ, म्हणजे २१ किमीची अर्धी मॅरेथॉन. असं मागे येत १६-१८ आठवडे मोजले की सप्टेंबरच्या मध्याला पोचायचं.

पण मला खरं आवडायचं ते या मोजणीच्याही आधीचं काम. गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, भाच्याचं लग्न, सुनेच्या ऑफिसातले दौरे, सगळं आधी लिहून व्हायचं. शर्यतीला उरलेली जागा. त्यातून एकच शर्यत मनापासून धरायच्या आणि बाकीच्या सरावाच्या. ठाण्याची वर्षा मॅरेथॉनसुद्धा त्या पावसाच्या आनंदासाठी धावायच्या, घड्याळ घरी ठेवून.

आता दर रविवारी कुठे ना कुठे शर्यत असते आणि गटातली नवी मुलं महिन्याला दोन-दोन बिब (शर्यतीत छातीवर लावायचे नंबर) घेतात. मला काळजी वाटते त्यांची. तुमच्याकडे कसं ठरतं? नोकरी, मुलं, आजारपणं धरून लिहा.

कोलशेतकर

बाईंच्या यादीत मुलांची सहामाही लिहायची राहिली! धाकट्याची परीक्षा असली की पहाट त्याची. त्या दिवसांत लाँग रन नाहीच, रात्री हिरानंदानी इस्टेटच्या आतल्या रस्त्यांवर अर्धा-पाऊण तास. घोडबंदरला मुख्य रस्त्यावर धावायचं सोडलं, ट्रक आणि मेट्रोच्या कामाची धूळ. ऑफिसात रिलीज असेल तर तो आठवडा मी आधीच हलका धरतो. सविस्तर रात्री लिहितो.

पामबीच_पहाटे

माझा मुद्दा हवेचा. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात आपल्याकडे पहाटे पाचलासुद्धा दमट असतं. घाम वाळतच नाही, म्हणजे अंग थंड होत नाही, आणि हृदय त्याच वेगाला जास्त पळतं. त्या महिन्यांतला वेग बघून जानेवारीचं लक्ष्य ठरवू नका, आणि जानेवारीचा वेग ऑक्टोबरात काढायला तर मुळीच जाऊ नका. पाम बीच रोडवर वाशी ते बेलापूर जवळपास १० किमी, सपाट, सावली नाही. मी तिथे बोलता येईल इतक्याच वेगाने धावतो. डिसेंबरात हवा कोरडी झाली की तेच पाय आपोआप हलके होतात, दरवर्षी.

सानपाडा१

पाम बीचला सिग्नलजवळ जपून हो. गाड्या फार जोरात येतात पहाटे. मी नेरूळच्या ज्वेल उद्यानाला चकरा मारते, कंटाळा येतो पण जीव सुरक्षित.

नडगी_आणि_पोटरी

वाशीत फिजिओथेरपी करते, दोन पेशंटच्या मध्ये लिहितेय. उपवनकाठताई, बाईंना माझा नमस्कार सांगा.

सराव सुरू केल्यावर दम लवकर वाढतो, महिना-दीड महिन्यात फरक कळतो. हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) मात्र कितीतरी हळू तयार होतात. दम लागत नाहीये म्हणून लोक शर्यती वाढवतात ते नेमकं याच मधल्या काळात, आणि मग नडगी धरून माझ्याकडे येतात. दुखणं नडगीभर पसरलेलं असेल तर बहुतेकदा विश्रांती आणि व्यायामाने बसतं. पण हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बारीक चीर दिसत नाही कधीकधी, एमआरआय लागतो.

फुल मॅरेथॉननंतर (४२ किमी) तीन-चार आठवडे जोराचं काहीही नको. दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला अंतर कमी करा. आणि आठवड्यातून दोनदा पोटऱ्या-मांड्यांचे व्यायाम, वजन घेऊन. ते वेळापत्रकात लिहिलं नाही तर होत नाही.

रेतीबंदर

माझ्या मित्राला हेच झालं. लागोपाठच्या रविवारी हाफ, मग पायाच्या हाडाला चीर, सगळा हिवाळा बसून. इतका गुणी धावणारा माणूस. वाईट वाटतं अजून.

कोलशेतकर

अरेरे. आता कसा आहे?

रेतीबंदर

बरा आहे. तलावपाळीला आईबरोबर चालतो, आता थोडं धावतोही.

भरतीओहोटी

कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. बायकांनी वेळापत्रकात पाळी धरावी. मी शर्यतीची तारीख बघताना तेही बघते, लांब धाव पहिल्या दोन दिवसांत ठेवत नाही. आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासा. माझं हिमोग्लोबिन ठीक होतं, फेरिटिन खाली, आणि थकवा का जात नाही ते कळेना. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या हंगामात फक्त एक १० किमी धावले आणि ती मजेत धावले.

नवरात्रात नऊ दिवस उपास असतात, तेव्हा फक्त हलकं धावते. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, रताळं. सासूबाई करून ठेवतात आदल्या रात्री.

आजीची_शिदोरी

रताळं!! उकडून, वर थोडं मीठ. लांब धावेला त्यासारखं काही नाही. आमसुलाचं सरबत मीठ-साखर घालून बाटलीत न्या, बाजारच्या पुड्यांनी माझं पोट बिघडतं. कुणाला राजगिऱ्याच्या वड्यांची कृती हवी असेल तर देते.

सानपाडा१

हवी, द्या ना. गूळ किती?

आजीची_शिदोरी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, इथे विषय भरकटेल.

येऊरचा_चढ

ज्यांना साताऱ्याची हिल हाफ करायची आहे त्यांनी ती सरावाच्या शर्यतीत मोजू नये. यवतेश्वरचा घाट जाताना चढ आणि येताना तेवढाच उतार, मांड्यांचं पाणी उतारावर होतं. पावसाळ्याच्या शेवटाला ती असते, म्हणजे मुंबईचा सराव सुरू होतो तेव्हाच. माझ्या मते एका हंगामात सातारा जोरात किंवा मुंबई जोरात. दोन्ही हवं तर सातारा निवांत, निसर्ग बघत. डिसेंबरातली वसई-विरारची हाफ मात्र जानेवारीच्या आधी छान बसते. मध्ये पाच-सहा आठवडे मिळतात.

आणि एकाच गोष्टीवर भर द्यायचा म्हटलं की मला ललिता बाबर आठवते. आपल्या माणदेशातली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली, पण २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला धावली ती फक्त ३००० मीटर स्टीपलचेस, अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत. अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत भारतीय बाई त्याआधी १९८४ मध्ये पोचली होती, पी. टी. उषा. इतकी ताकद असलेल्या मुलीने एक निवडलं.

उपवनकाठ

किती सुंदर लिहिलंत. रिओची ती शर्यत आम्ही गटातल्या सगळ्यांनी एकत्र बघितली होती. बाई उभ्या राहून ओरडत होत्या.

नवखी_कळवा

मी नवीन आहे. सलग ५ किमी अजून होत नाही. मैत्रीण म्हणते जानेवारीत हाफ कर, होईल. होईल का?

नडगी_आणि_पोटरी

घाई करू नकोस गं. आधी चाल-धाव करत सलग ५. मग हिवाळ्यात एखादी १० किमीची, तीही पूर्ण करायची म्हणून. हाफ पुढच्या वर्षी, तुझी कायमची होऊन येईल. बूट दुकानात जाऊन संध्याकाळी घे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

पामबीच_पहाटे

+१. मैत्रिणीलाही हा धागा दाखव.

कोलशेतकर

आलो परत. एक राहिलं. शर्यतीच्या दिवशी पोचायचं कसं तेही आधी ठरवा. मुंबईची हाफ माहीमहून सुटते, फुल सीएसएमटीहून, दोन्हीची वेळ पहाटेची. मध्य रेल्वे जादा लोकल सोडते, ते आदल्या आठवड्यात नीट बघून घ्या. येताना रविवारचा मेगाब्लॉक असतो का तेही बघा, दुखऱ्या पायांनी ठाण्यापर्यंत उभं राहणं फार होतं. मी आदल्या रात्री दादरला मावशीकडे राहतो, ती साडेसातला वरणभात वाढते आणि नऊला दिवे घालवते.

येऊरचा_चढ

अशी मावशी सगळ्यांना मिळो.

नवखी_कळवा

या रविवारी कुणी हळू धावणारं आहे का ठाण्यात? येऊरला एकटी यायची भीती वाटते.

येऊरचा_चढ

येऊरला अंधारात एकटीने नकोच, बिबट्यांचं जंगल आहे ते. उजाडल्यावर आणि सोबतीनेच.

उपवनकाठ

उपवनला ये, तलावाभोवती आम्ही बायका असतो. पावणेसहाला. अर्धा वेळ चालणं, अर्धा धावणं.

भरतीओहोटी

मीही येते, बेलापूरहून भावाकडे आलेय ठाण्यात. पाणी आपापलं आणायचं ना?

उपवनकाठ

हो, पाणी आणि नॅपकिन. नंतर चहा माझ्याकडे, घर समोरच आहे.