टँकर गळू लागला, तर त्याचा वेग वाढतो का?

प्रश्न
मी कोल्हापुरात बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकते. सरावासाठी मी असे उदाहरण मांडले की, रंकाळ्याच्या सपाट रस्त्यावर ६,००० किलोचा पाण्याचा टँकर इंजिन बंद असताना सेकंदाला ५ मीटर वेगाने जात आहे, घर्षण नाही आणि तळाच्या छिद्रातून पाणी गळत आहे. बाह्य बल शून्य असल्याने वस्तुमान गुणिले वेग कायम धरले, तर वस्तुमान ३,००० किलो उरते तेव्हा वेग १० येतो. हे पटत नाही. पण चूक सापडत नाही.

उत्तर १
आकडेमोड बरोबर आहे, मात्र संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, अपुरा मोजला आहे. गळणारे पाणी टँकरचाच आडवा वेग घेऊन सुटते आणि संवेगातला आपला वाटा सोबत नेते, त्यामुळे टँकरचा वेग ५ च राहतो. पडताळा असा घ्या: शेजारून त्याच वेगाने जाणाऱ्या मोटारसायकलस्वाराला टँकर स्थिर दिसतो आणि तुमच्याच रीतीने तो स्थिरच राहतो, म्हणजे त्याच्या हिशेबाने वेग ५ आणि तुमच्या हिशेबाने १०. निरीक्षक बदलताच उत्तर बदलते, ते समीकरण टाकून द्यावे. रशियन शास्त्रज्ञ मेश्चेर्स्की यांनी १८९७ मध्ये मांडलेल्या समीकरणात म्हणूनच वस्तुमान बदलण्याच्या दराला, येणाऱ्या किंवा जाणाऱ्या वस्तुमानाच्या सापेक्ष वेगाने गुणतात. इथे तो आडवा सापेक्ष वेग शून्य आहे.

प्रश्नकर्ती
आभारी आहे, सर. मग धुक्यातून पडणाऱ्या थेंबाला माझेच सूत्र कसे लागू पडते?

उत्तर १
धुके स्थिर असते, त्यामुळे त्याचा थेंबासापेक्ष वेग थेंबाच्या वेगाइतकाच, पण उलट दिशेचा असतो आणि दोन्ही सूत्रे एक होतात. शून्य आकारापासून सुरू होऊन वाटेतले सगळे धुके टिपत जाणाऱ्या गोल थेंबाचे त्वरण, हवेचा रोध सोडल्यास, गुरुत्वत्वरणाच्या एक सप्तमांश येते. हे स्वतः सोडवून पाहाच, फार सुंदर उदाहरण आहे.

उत्तर २
ऊर्जेचा पडताळा मात्र जपून घ्यावा, असे मला वाटते. साखर कारखान्यात सेकंदाला २ मीटर वेगाने चालणाऱ्या आडव्या पट्ट्यावर सेकंदाला २० किलो बगॅस (उसाचा चोथा) सरळ वरून पडत असेल, तर त्यासाठी मोटरला ४० न्यूटन बल, म्हणजे ८० वॅट शक्ती जास्तीची द्यावी लागते. बगॅसची गतिज ऊर्जा मात्र सेकंदाला ४० ज्यूलच वाढते, कारण पट्ट्याचा वेग येईपर्यंत बगॅस त्यावर घसरते आणि उरलेल्या अर्ध्या ऊर्जेची उष्णता होते. इथे ऊर्जा अक्षय्य धरून बल काढणारा विद्यार्थी २० न्यूटन लिहितो.